तळ्याची पाळ कोणी राखावयाची?

नागपुराहून वर्धा रस्त्याने दक्षिणेस निघावे, विमानतळ मागे टाकावा, की मिहानचा परिसर लागतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही एके काळी शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली शिवारांची नावे आता कारखाने, कचेऱ्या आणि रुंद रस्ते यांच्या पत्त्यांत आढळतात. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली आणि चार हजारांहून अधिक हेक्टर जमिनीवर हा उद्योग उभा राहू लागला. एम्ससारखे मोठे रुग्णालयही तेथे आले. हे सारे पाहून मनास समाधान वाटते. पण भर पावसात त्या रस्त्यावर क्षणभर उभे राहावे आणि एक साधा प्रश्न स्वतःस विचारावा : या छपरांवरून आणि डांबरावरून निघालेले पाणी पुढे कोठे जाते?

ते ओहोळात जाते, ओहोळातून नाल्यात जाते आणि वाटेत कोठेतरी त्यास मातीची एखादी पाळ आडवी येते. ती पाळ कोणी बांधली, कधी बांधली, आज ती कोणाची, हे बहुधा कोणास ठाऊक नसते. या पाळीविषयी आम्हांस आज चार शब्द सांगावयाचे आहेत. कोयना किंवा जायकवाडी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. लहान तळ्याची पाळ मात्र सभेत चर्चेचा विषय होत नाही. ती फुटली म्हणजे मग वर्तमानपत्रात येते.

विदर्भाच्या पूर्व भागात अशा तळ्यांचे एक मोठे कुटुंबच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मिळून सुमारे सहा-सात हजार जुने तलाव आहेत. त्यांना सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांनी येथे मामाभाच्यांचे नाते शोधू नये. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती पहिली अक्षरे आहेत. याहूनही धाकटी असते ती बोडी. बोडी म्हणजे शेतकऱ्याने आपल्या धानाच्या बांध्यांच्या वर, स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या श्रमाने घातलेले छोटे तळे. खाजगी धरण म्हणून काही असेल तर ते हेच.

ही तळी पूर्वेसच का आणि पश्चिमेस का नाहीत? याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. दख्खनचा काळा कातळ नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेकडे त्याहून पुष्कळ जुना, स्फटिकमय खडक सुरू होतो. पश्चिमेकडे काळी जमीन, कापूस, संत्री आणि विहिरी, पूर्वेकडे धान. पूर्वेकडील खडकात विहिरीस पाणी बेताचे लागते, परंतु भूमीला मंद उतार आहे आणि चिकण मातीत पाणी टिकते. पाऊसही चांगला पडतो. मग तळ्याची गरजच काय, असे कोणी विचारील. गरज आहे ती पावसाच्या लहरीमुळे. धानाचा रोवणा झाला, पीक पोटरीस आले आणि नेमका भाद्रपदात पाऊस पंधरा दिवस दडून बसला, तर उभे पीक हातचे जाते. त्या वेळी मिळालेले एक पाणी म्हणजे पीक आणि एक पाणी नाही म्हणजे तणीस. तळे हवे ते या एका पाण्यासाठी.

त्याचा हिशेब फार अवघड नाही. दहा हेक्टर पसरलेल्या तळ्यात सरासरी दीड मीटर पाणी असेल तर साठा दीड लाख घनमीटर, म्हणजे पंधरा कोटी लिटर होतो. त्यातले निम्मे उन्हाने उडाले, जमिनीत मुरले किंवा गुरांसाठी व मासोळीसाठी राखले असे धरू. उरले पंचाहत्तर हजार घनमीटर. धानाच्या एका हेक्टरास एका वेळी पंचाहत्तर मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर साडेसातशे घनमीटर लागतात. म्हणजे अशा एका तळ्यावर शंभर हेक्टर धान एका पाण्याने वाचते. लहान गावाचे वर्षाचे अन्न त्यात आले.

ही विद्या नवी नव्हे. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलात जो रान तोडून तळे बांधील त्यास त्या तळ्याखालची जमीन देण्याची पद्धत होती. अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तेथे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यात एक तळे दडले आहे हे माहीत असेल, कोण जाणे! तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. दोन टेकड्यांमधली नेमकी अरुंद जागा हेरणे, पाणलोट केवढा आहे याचा नजरेने अंदाज घेणे, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते ते झाडांच्या बुंध्यांवरील खुणांवरून ओळखणे, हे शिक्षण त्यांनी कोणत्या कॉलेजात घेतले नव्हते.

इंग्रजांनी १८६१ साली मध्य प्रांत केला आणि पुढील जमाबंदीत गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारास गावाचा मालक ठरविले. गावाबरोबर तळेही त्याच्या मालकीचे झाले. मालगुजार काही सगळेच संत नव्हते; कित्येकांच्या जुलमाच्या कहाण्या अजून गावोगाव सांगतात. पण तळ्याच्या बाबतीत त्याचा स्वार्थ आणि गावाचे हित एका दावणीला बांधलेले होते. तळे फुटले की कुळाचे धान जाणार आणि धान गेले की मालगुजाराचा वसूल बुडणार. म्हणून दरसाल पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती पडे. कुळांनी अंगमेहनत द्यावी आणि त्याच्या बदल्यात पाणी घ्यावे, असा रिवाज होता. पाण्याचे हे हक्क आणि रूढी गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदलेल्या असत. मालकी एकट्याची, पण वहिवाट सर्वांची, असे हे विलक्षण खाजगी धरण होते.

आता ही पाळ उभी कशी राहते ते पाहू. वरवर पाहता मातीचा ढीग. त्यात शास्त्र ते काय? परंतु पाणी आणि माती यांचे वैर जुने आहे आणि या वैऱ्यालाच पहारेकरी नेमावयाचे आहे. पहिली गोष्ट दाबाची. पाण्याचा दाब तळ्याच्या लांबीरुंदीवर अवलंबून नसतो. तो केवळ खोलीवर असतो. तळे बिघाभर असो की कोसभर, तीन मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन भार येणारच. म्हणून ‘आमची बोडी लहान, तिला काय होते’ हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. साठा लहान असल्याने हानी कमी होईल. पाळीला मात्र त्याची सवलत मिळत नाही.

दुसरी गोष्ट पाझराची. मातीची पाळ म्हणजे काही काचेचे भांडे नव्हे. तिच्यातून पाणी थोडेफार झिरपतेच. झिरपू न देणे हे बांधणाऱ्याचे ध्येय नसते. पाणी झिरपताना मातीचा एक कणही बरोबर नेणार नाही, एवढे पाहणे हे त्याचे ध्येय असते. यासाठी पाळीच्या पायात आधी चर खणतात आणि तो खालच्या टणक थरापर्यंत नेऊन चिकण मातीने भरतात. मधला गाभा काळ्या, चिकट मातीचा आणि दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे पांघरूण, अशी रचना असते. गाभा पाणी अडवितो, पांघरूण गाभ्यास जागेवर धरून ठेवते. काळी माती एकटी वापरली तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून घसरते. माती एकदम ढिगाने टाकीत नाहीत. वीतभर थर पसरावा, बेताचे पाणी शिंपडावे आणि तुडवावा, मग पुढचा थर. पूर्वी हे काम बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी होई. आज रोलर फिरतो. तत्त्व तेच आहे. कोरडा ढेकूळ आत राहिला तर त्याभोवती पोकळी राहते आणि त्या पोकळीतच पुढच्या संकटाचे बी असते.

तिसरी गोष्ट उताराची. पाळ भिंतीसारखी उभी नसते. एक मीटर उंचीस पाण्याकडच्या अंगाला अडीच-तीन मीटर आणि कोरड्या अंगाला दोन मीटर पसरट ठेवतात. पाण्याच्या अंगावर दगडांची फरसबंदी असते, नाहीतर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा माती कुरतडून खातात. कोरड्या अंगाच्या पायथ्याशी दगड-वाळूचा निचरा असतो. झिरपलेले पाणी तेथून निमूटपणे बाहेर पडावे, हा हेतू.

आणखी दोन अवयव राहिले. एक तुडुम, म्हणजे पाणी शेतास सोडण्याचे दार. त्याच्या उभ्या बांधणीत एकाखाली एक भोके असतात. पाणी उतरेल तसे खालचे भोक उघडावयाचे. दुसरा अवयव सलंग. तळे भरल्यावर जास्तीचे पाणी पाळीच्या कडेने, टणक जमिनीवरून सुखरूप निघून जाण्याची जी नीच वाट, ती सलंग. आमच्या मते तळ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण तो पाणी साठवीत नाही, तर तळ्याला वाचवितो. पाळीचा माथा सलंगेपेक्षा मीटरभर तरी उंच असावयास हवा. हे अंतर वाया गेलेले दिसते खरे. पण विमा जसा मरेपर्यंत वाया गेलेला दिसतो, तसेच हे आहे.

पाळ फुटते ती बहुधा तीन रीतींनी. पहिली रीत म्हणजे माथ्यावरून पाणी जाणे. दगडी धरणावरून पाणी उडी मारून गेले तर ते सोसते. मातीच्या पाळीवरून हातभर पाणी गेले की कोरड्या अंगाची माती धुपू लागते, घळ पडते आणि तासाभरात पाळ नाहीशी होते. दुसरी रीत पोखरण्याची. उंदराचे बीळ, खेकड्याचे भोक, कुजलेल्या झाडाच्या मुळाची पोकळी किंवा तुडुमाच्या नळाशेजारची सैल माती, यांतून पाण्याची एक धार निघते. धार स्वच्छ असेल तोवर धोका कमी. ती गढूळ झाली म्हणजे समजावे की पाळ आतून चालू लागली. तिसरी रीत घसरण्याची : पाळ पाण्याने फुगते आणि अंगचा उतार बसतो.

मोठ्या धरणांसही हेच नियम लागू आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले होते. पाणी सोडण्याच्या बोगद्यावरचा भाग खचला आणि खचलेल्या जागेवरून पाणी चढले. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि सुमारे वीस माणसे दगावली. त्या वेळी खेकड्यांवर ठपका आला आणि लोक हसले. खेकडे पाळीत भोके पाडतात हे खोटे नाही. पण खेकड्याने पाडलेले भोक बुजविणे हे काही खेकड्याचे काम नव्हे!

येथून आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. हे काम कोणाचे? कायद्याच्या इतिहासात या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत आणि दोन्ही खाजगी तळ्यांवरूनच निघाली आहेत. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात जॉन रायलँड्स या गिरणीमालकाने आपल्या जमिनीत तलाव बांधविला. तळाशी जुन्या खाणीची तोंडे होती. कंत्राटदारांनी ती नीट बुजविली नाहीत. १८६० साली पाणी भरताच ते तोंडांतून शेजारच्या फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत घुसले. प्रकरण लॉर्डांच्या सभेपर्यंत गेले आणि १८६८ साली निकाल लागला की, जो आपल्या जमिनीवर अनैसर्गिक रीतीने धोक्याची वस्तू साठवितो, त्याने ती निसटल्यास नुकसान भरून द्यावे. त्याची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच नाही.

पुढे सहाच वर्षांनी, १८७४ साली, असाच एक खटला हिंदुस्थानातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदारीतले दोन प्राचीन तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेची हानी झाली. रेल्वे कंपनीने रायलँड्सच्या निकालाचा आधार घेतला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. ते म्हणाले, येथील तळी ही कोणा एकाची हौस नव्हे. ती पूर्वापार चालत आलेली, लाखो लोकांच्या जीविताला आवश्यक असलेली व्यवस्था आहे. ती ठेवणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून तो जबाबदार नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले तर एक मोठी गोष्ट ध्यानात येते. पहिल्यात तळे हा मालकाचा हक्क आहे, म्हणून त्याचा धोकाही त्याचाच. दुसऱ्यात तळे हे मालकाचे कर्तव्य आहे, म्हणून त्यास सवलत. पण या सवलतीस एक अट आहे आणि ती आपण विसरतो : कर्तव्य खरोखर बजावले गेले पाहिजे. जेथे हक्कही कोणी सांगत नाही आणि कर्तव्यही कोणी करीत नाही, तेथे हे दोन्ही निकाल मुके होतात.

दुर्दैवाने विदर्भातील कित्येक तळ्यांची स्थिती आज तशी आहे. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. ती संपावयास हवीच होती, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. तळी सरकारजमा झाली. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा निघाल्या आणि शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारी तळी त्यांच्याकडे राहिली. कागदोपत्री मालक ठरला, पण पाळीवर माती टाकणारा हात राहिला नाही. सरकारने पाणीपट्टी मागितली तेव्हा गावकरी म्हणाले, हे पाणी आमच्या वडिलांनी घाम गाळून मिळविले आहे. गावकऱ्यांनी दुरुस्ती मागितली तेव्हा कचेरी म्हणाली, निधी नाही. या वादात तळ्यात गाळ भरला, पाळीवर झाडे वाढली, सलंगेवर कोणी शेत केले. पाणी जास्त साठावे म्हणून सलंगेवर दगडमाती रचून ती उंच करण्याचा उद्योगही काही ठिकाणी झाला. म्हणजे विमा मोडून दिवाळी साजरी करण्यासारखेच!

२०२१ साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना आणि काही अटी पुऱ्या करणाऱ्या दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. दोन-तीन पुरुष उंचीची आमची पाळ त्यात बसत नाही. प्रत्येक बोडीस एक इंजिनीअर देता येणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच लहान पाळ ही सरकारच्या कायद्याने कमी आणि गावाच्या सवयीने अधिक टिकते.

शहरात राहणाऱ्या आपणांस याचे काय, असे वाटत असेल तर पुन्हा मिहानच्या रस्त्यावर यावे. शंभर हेक्टर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होते. ती जमीन शेताची असेल तर त्यातले समजा तिसरा हिस्सा वाहून जाईल. बाकीचे माती पिईल. तीच जमीन छपरांची आणि डांबराची झाली की नऊ दशांश पाणी वाहील आणि तेही पूर्वीपेक्षा लवकर, एकाच लोंढ्याने. खालच्या तळ्याची सलंग मात्र आजोबांच्या काळच्या मापाचीच आहे. तळ्याने काही गुन्हा केला नाही. त्याचा पाणलोट बदलला. शिवाय मोठा पाऊस भाद्रपदात आला तर तळे आधीच काठोकाठ असते.

नागपूरकरांना हे सांगण्याची खरे तर गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरे पाण्यात गेली. अंबाझरीची पाळ मातीचीच आहे, दीडशे वर्षांपूर्वीची. ती टिकली, हे आपले भाग्य. ज्या शहराने ती पहाट पाहिली त्याने आपल्या हद्दीबाहेरच्या लहान पाळींना परके समजू नये.

मग करावयाचे काय? फार मोठे काही नाही. मृगापूर्वी पाळीवरून एक फेरी मारावी. बिळे, भेगा, खचलेला माथा पाहावा. पाळीवरची लहान झुडपे मुळासकट काढावीत. मोठे झाड मात्र एकाएकी तोडू नये, कारण मेलेले मूळ जिवंत मुळापेक्षा घातक. सलंग मोकळी ठेवावी. पाऊस चालू असता पायथ्याशी जाऊन पाझराचे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. गढूळ दिसले की तुडुम उघडून तळे उतरवावे आणि खालच्या वस्तीस सावध करावे. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात न्यावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ ची सरकारी योजना याच जुन्या शहाणपणावर उभी आहे. गाळ काढताना पाळीचा पायथा मात्र उकरू नये. आणि जे नवे उद्योग, नव्या वसाहती वरच्या अंगास उभ्या राहतील, त्यांनी आपले पावसाचे पाणी आपल्याच आवारात आधी मुरवावे, अडवावे आणि मग सोडावे. खालच्या गावाने त्यांच्याकडे हे भीक म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून मागावे.

तळ्यावर केवळ धान जगत नाही. ढिवरांची मासेमारी, शिंगाड्याचे पीक, गुरांचे पाणी, विहिरींची ओल आणि गोंदियाच्या बाजूस अजून दिसणारी सारसाची जोडी, ही सगळी त्या एका पाळीच्या आधाराने आहेत. मालगुजार गेला, ते बरेच झाले. पण त्याची मालकी रद्द करताना त्याचे एक काम कोणाच्या तरी नावे चढवावयाचे राहून गेले. ते काम आपल्या नावे लिहून घ्यावयास गावाला कोणाच्या परवान्याची जरूर नाही. कुदळ, घमेले आणि मृगापूर्वीचे दोन दिवस एवढे पुरे. शहराने आपले पाणी खाली सोडण्यापूर्वी त्या गावाची आठवण ठेवली, म्हणजे उरलेले अर्धे कामही झाले.